वासमावशी चुकली त्याची गोष्ट

खूप खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, घरांना कुलपं नव्हती, आणि एका घरात कुणी शिंकलं की पलीकडच्या घरातून "शंभर वर्षं जग गं बाई!" असा आवाज यायचा.

अशा त्या काळात नदीकाठच्या एका गावात एक गाडीवान राहत होता. त्याला बायको होती आणि एक लेक होती. लेकीचं नाव गोदा, म्हणून त्या बाईला सगळं गाव गोदेची आई म्हणायचं. बाईचं स्वतःचं नाव तिच्या नवऱ्याला ठाऊक असेल, पण तो काही ते चारचौघांत घेत नसे.

गोदेची आई हाताची मोठी सढळ. कुणी ताक मागायला आलं तर वर लोण्याचा गोळा टाकायची. विस्तव न्यायला आलेल्या बाईच्या ओच्यात चार वांगी घालायची. तिच्या दारातून रिकामा हात कधी परतला नाही. पण मुलांनो, आणि मुलांच्या आयांनो, देणाऱ्या हाताची एक गंमत असते बघा. त्याला उपडं व्हायची इतकी सवय होते की उताणं कसं व्हायचं ते तो विसरूनच जातो. गोदेच्या आईचं तसंच होतं. ती कुणाकडे चिमूटभर मीठसुद्धा मागायची नाही. घरातलं मीठ संपलं तर त्या दिवशी अळणी खायची आणि वर म्हणायची, "आज आम्हाला अळणीच हवं होतं."

तिच्या शेजारी, कुंपणाच्या पलीकडे, एक बाई राहायची. तिला गाव वासमावशी म्हणायचं. नाव ऐकून हसू नका. त्या बाईला देवाने नाक दिलं होतं ते काही उगाच नथ अडकवायला दिलं नव्हतं. कुणाची आमटी लागली, कुणाचं दूध उतू गेलं, कुणाच्या लोणच्याला बुरा आला, सगळं तिला घरबसल्या कळायचं. आणि कळलं ते पोटात राहायचं नाही. एकदा भर देवळात, कीर्तन चालू असताना, ती म्हणाली होती, "पाटलीणबाई, घरी जा आधी, तुमची खीर करपतेय!" पाटलीणबाई धावत गेली. खीर खरंच खाली लागायला आली होती. पण खीर वाचली याचा आनंद राहिला बाजूला, गावात हसं झालं याचाच पाटलिणीला राग आला.

वासमावशीला चौकशीही भारी. काय शिजतंय, कोण आलंय, का आलंय, कधी जाणार? गोदेची आई तिच्या या चौकशांना कंटाळली होती. मागच्या उन्हाळ्यात तर ती ताडकन बोलून गेली, "मावशी, तुमचं नाक तुमच्या चुलीपाशी ठेवा. माझ्या चुलीवरचं माझं मी बघते."

मावशी एवढीशी झाली. "बरं बाई," म्हणाली आणि घरात गेली. पण मावशी ती मावशीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंपणाशी हजर.

तर आता गोष्ट सुरू होते ती शरदात. भाद्रपद सरला होता, आश्विन लागला होता. आभाळ धुतल्यासारखं निळं, कुंपणावर गोकर्णी फुललेली, शेतात पीक उभं पण अजून हिरवं. या दिवसांत त्या गावात घरोघरी भोंडला व्हायचा. पाटावर हत्ती काढायचा, तो अंगणाच्या मध्ये मांडायचा, त्याला झेंडूची माळ घालायची आणि गावातल्या सगळ्या पोरीबाळींनी हात धरून त्याच्याभोवती फेर धरायचा. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. गाणी झाली की खिरापत. खिरापत म्हणजे खाऊ. पण तो असा सुखासुखी मिळायचा नाही. घरची बाई तो मडक्यात घालून वर फडकं बांधून आणायची, मडकं हलवून दाखवायची आणि म्हणायची, "ओळखा!"

मग एकेकीने नाव घ्यायचं. चुकलं तर बाई म्हणणार "नाही", बरोबर आलं तर म्हणणार "हो". हत्तीदेखत खोटं बोलायचं नाही, हा नियम. हत्तीचे कान मोठे, तो सगळं ऐकतो, असं म्हातारी माणसं सांगायची. जी ओळखेल तिला पहिली मूठ. पोरी सगळ्या हरल्या की शेवटी वासमावशी उठायची, मडक्याजवळ नाक न्यायची आणि म्हणायची, "खोबऱ्याची वडी. आणि वेलदोडा जरा कमी पडलाय." ती आजवर कधी चुकली नव्हती. गावात तिचा तेवढा एकच मान होता आणि तो तिला फार प्रिय होता.

या वर्षी शेवटच्या दिवसाचा भोंडला गोदेच्या घरी होता. गोदेच्या घरचा हा पहिलाच भोंडला. पोर आनंदाने जमिनीवर ठरत नव्हती.

गाडीवान नवरात्राच्या आधीच गाडी जुंपून नदीपलीकडच्या बाजाराला गेला होता. जाताना लेकीच्या गालाला हात लावून म्हणाला होता, "तुझ्या भोंडल्याला मी येतोच. येताना गूळ आणतो, खोबरं आणतो. अशी खिरापत करू की गाव नाव काढेल." आणि बायकोला म्हणाला, "पेवाचं तोंड तेवढं लिंपून घे. हत्तीचा पाऊस अजून व्हायचाय."

पेव म्हणजे जमिनीखालचा खड्डा, त्यात वर्षाचं धान्य साठवायचं. त्याचं तोंड शेणामातीने घट्ट लिंपलं नाही तर पाणी आत उतरतं. गोदेच्या आईला हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण त्या दिवशी कुंभारणीची लेक बाळंतपणाला आली होती, तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळून द्यायचे होते. दुसऱ्या दिवशी कुणाच्या घरी जात्यावर हात लावायला गेली. लिंपू उद्या, लिंपू उद्या म्हणता म्हणता राहून गेलं. आभाळ इतकं निळं होतं की पाऊस येईलसं वाटतही नव्हतं.

आणि मग हस्ताचा पाऊस आला. हत्ती सोंडेने ओततो तसा कोसळला. नदीला पूर आला, गाड्या नदी ओलांडायच्या तो उतार बंद झाला, गाडीवान पलीकडे अडकला. इकडे पेवात पाणी शिरलं. गोदेच्या आईने पाऊस थांबल्यावर तोंड उघडून पाहिलं तर आतून आंबूस वाफ आली. वर्षाची ज्वारी फुगून, मोड येऊन, कुजून गेली होती.

ती तिथेच मटकन बसली. रडली. मग डोळे पुसून उठली आणि पेवाचं तोंड पुन्हा झाकून टाकलं, कुणी बघू नये म्हणून. आता लिंपलं ते मात्र अगदी घट्ट.

गायही नेमकी आटली होती. घरात डब्यात होतं ते पीठ ती पुरवून पुरवून वापरू लागली. गोदेला भाकरी, स्वतःला गोदेच्या भाकरीचा तुकडा. मग गोदेला अर्धी आणि स्वतःला पाणी. गोदेने विचारलं तर म्हणायची, "माझा नवरात्राचा उपास आहे, बाळा." पण शेजाऱ्यांना काही कळू नये म्हणून तिने एक युक्ती केली. रोज वेळेवर चूल पेटवायची, वर नुसत्या पाण्याचं पातेलं ठेवायची. छपरातून धूर निघाला की गावाला वाटायचं, शिजतंय काहीतरी.

गावाला वाटलं. मावशीला वाटलं नाही.

एका सकाळी कुंपणावरून आवाज आला, "अगं गोदेची आई, काय चाललंय?"

"स्वयंपाक चाललाय, मावशी. दुसरं काय चालणार?"

"धूर तर छान येतोय. पण फोडणी काही नाकाला लागत नाही."

गोदेच्या आईने घाईघाईने पातेल्यावर झाकण सरकवलं. पण तोंड मात्र तिखट. "तुमचं नाक चोंदलं असेल पावसाने. ओवा हुंगा."

"हुंगला गं. काल गोदा आमच्या परसात आली होती. पेरू दिला तर दोन घासांत संपवला. पोर वाढीला लागली वाटतं?"

"पोरं खातातच! तुम्ही का लोकांच्या पोरांचे घास मोजता?"

 मावशी थोडा वेळ कुंपणाशीच घुटमळली, मग नेहमीसारखी पुढची चौकशी न करता निघून गेली. गोदेच्या आईला वाटलं, सुटले. पण मनातून ती घाबरली होती. या बाईला कळलं म्हणजे गावाला कळलं. आणि गावाला कळलं म्हणजे लोक येणार, कुणी कीव करणार, कुणी म्हणणार, "एवढी दानशूर, आणि स्वतःचं पेव लिंपायला विसरली!" त्यापेक्षा उपास बरा.

असं करता करता भोंडल्याचा दिवस उजाडला. नदी अजून भरून वाहत होती. गाडीवानाचा पत्ता नव्हता.

गोदा पहाटेच उठली. तिने पाटावर हळदीने हत्ती काढला, कोळशाने त्याचे डोळे काढले, कुंकवाने पाठीवरची झूल रंगवली. एक कान मोठा झाला म्हणून दुसरा मोठा केला, तर तो त्याहून मोठा झाला. "आई, बघ! चालेल?"

"चालेल काय, पळेल," आई म्हणाली आणि तोंड फिरवून तिने डोळ्यांना पदर लावला.

"आणि खिरापत काय गं?"

"तुला सांगितलं तर तू पोरींना सांगशील. ओळख तू पण."

खिरापत काय करावी? भोंडला नको म्हणावं तर पोरीचं मन मोडणार. तिने सगळे डबे पालथे घातले. एकात हळकुंडं, एकात सुकी मिरची, एकात काहीच नाही. शेवटी फडताळाच्या तळाशी एक गाडगं सापडलं. त्यात गोदेचे खेळायचे चिंचोके होते. वर्षभर चिंच फोडून साठवलेले.

तिने थोडा वेळ गाडग्याकडे पाहिलं. मग दुपारी मावशी नदीवर धुणं धुवायला गेलेली पाहून तिने ते चिंचोके तव्यावर खरपूस भाजले, वरची टरफलं काढली, मीठ नव्हतं म्हणून हळकुंडाची आणि मिरचीची चिमूटभर पूड लावली. मडक्यात घालून फडकं बांधलं. सगळ्या दारंखिडक्या उघडून वास घालवला. भाजलेले चिंचोके काही विष नव्हेत, गुराखी पोरं खातात. पण खिरापत म्हणून? ज्या घरी लोण्याचे गोळे वाटले जायचे त्या घरी?

उन्हं कलली तशा पोरी आल्या. त्यांच्या आया आल्या. पाटलीणबाई आपल्या लेकीला घेऊन, नवं लुगडं नेसून आली. वासमावशी आली आणि कोपऱ्यात बसली. हत्तीचे कान बघून पोरींनी गोदेची थट्टा केली, "अगं, हा हत्ती आहे की सूप पाखडणारी बाई?" गोदा पण हसली. फेर धरला गेला.

"हत्ती आला अंगणात,
पाऊस ठेवून रानात..."

पोरी नाचत होत्या आणि गोदेची आई उंबऱ्याशी उभी राहून मनातल्या मनात म्हणत होती, हे गाणं संपू नये. पण गाणं हे गाणंच, संपायचंच. पोरी धापा टाकत खाली बसल्या आणि ओरडल्या, "खिरापत! खिरापत!"

तिने मडकं आणलं. हत्तीपुढे ठेवलं. 

"हलवा की!"

तिने हलवलं. मडकं वाजलं. खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ.

एक पोर तोंड उघडणार, इतक्यात वासमावशी कोपऱ्यातून उठली. "थांबा गं. आज मी आधी."

सगळ्या बघतच राहिल्या. मावशी नेहमी शेवटी उठायची. पाटलीणबाई म्हणाली, "हे काय मावशी? पोरींना संधी तरी द्या. तुम्ही एकदा हुंगलं की खेळ संपला."

"म्हातारपणी घाई होते बाई," मावशी म्हणाली आणि मडक्याशी येऊन बसली.

तिने फडक्याला नाक लावलं. एकदा हुंगलं. डोळे मिटले, पुन्हा हुंगलं. मडकं कानाशी नेऊन हळूच हलवलं. मग तिने मान वर केली आणि गोदेच्या आईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

गोदेच्या आईला कळलं की हिला कळलं.  आता ही म्हणणार, चिंचोके. हत्तीदेखत मला हो म्हणावं लागणार. पाटलीणबाई हसणार, पोरी हसणार, आणि माझी गोदा, आपल्या पहिल्या भोंडल्याला, सगळ्यांच्या मध्ये मान खाली घालून बसणार. उन्हाळ्यात मी हिला घालूनपाडून बोलले, परवाही बोलले. आज ही सगळ्याचं उट्टं काढणार.

मावशीने घसा खाकरला आणि ठणकावून म्हणाली, "बेसनाचे लाडू!"

 अंगणात असा हशा उसळला की झाडावरच्या चिमण्या उडाल्या.

"अहो मावशी, लाडू कधी खळखळ वाजतात का?"

"कडक झाले असतील," मावशी म्हणाली.

"आणि वळलेत केवढे? वाटाण्याएवढे?" पाटलीणबाईला हसू आवरेना. किती वर्षांनी तिला खिरीचा बदला मिळाला होता. "मावशी, नाक गहाण टाकलंत की काय?"

 गोदेची आई कसंबसं म्हणाली, "नाही."

"नाही? अरे देवा, चुकले की!" मावशीने कपाळावर हात मारला. "पहिल्यांदाच चुकले गं बायांनो. आता दंड भरायला हवा."

"कसला दंड?"

"तुमच्याकडे नाही का? आमच्या माहेरी फार जुनी रीत आहे. ज्या पदार्थाचं नाव घेऊन चुकलात, त्याचे जिन्नस घरधनिणीला द्यायचे. सूपभर. घरधनीण नाही म्हणाली तर हत्ती रुसतो, पुढच्या वर्षी पाऊस देत नाही. मी आलेच."

आणि कुणी काही बोलायच्या आत ती लुगुलुगु घरी गेली आणि सूप घेऊन आली. सुपात हरभऱ्याची डाळ, गुळाची ढेप आणि वाटीभर तूप. ते तिने हत्तीपुढे ठेवलं.

आता माहेरची रीत म्हटल्यावर कोण बाई नाही म्हणेल? प्रत्येकीला आपलं माहेर आहे. पोरींना तर खेळ फारच आवडला. आणि पाटलीणबाईला वाटलं, मावशी हरली, आता ओळखायचा मान माझा. ती सावरून बसली. "मी सांगते. शंकरपाळे!"

गोदेची आई म्हणाली, "नाही."

"नाही? बरं, चुकले तर चुकले." पाटलीणबाईने गड्याला हाक मारली. पाटलाच्या घरचं सूप लहान कसं असेल? चांगली दोन सुपं भरून गहू आले, वर गूळ.

"ज्वारीच्या लाह्या!" कुंभारीण म्हणाली. नाही. ज्वारी आली.

"तिळाच्या रेवड्या!" तेलीण म्हणाली. नाही. तीळ आले.

"जिलबी!" एक चिमुरडी ओरडली. "गप गं, जिलबी वाजते का?" तिच्या आईने तिला चापटी मारली, पण हसत हसत घरी जाऊन साखर घेऊन आली.

मावशी मधूनच तोंड खुपसायची. "भाजलेले पोहे असतील का गं? नाही? हे बघा, पुन्हा चुकले! आज माझी वाचा आणि नाक दोन्ही फिरलंय." आणि पुन्हा घरी जाऊन पोहे आणायची.

गोदेची आई आधी नुसती चकित झाली होती. खरंच चुकली का ही? मग तिने पाहिलं, मावशी नावं घेत होती ती सगळी पोट भरायच्या गोष्टींची होती. डाळ, गूळ, पोहे. आणि जी बाई वेलदोडा कमी पडलेला ओळखते, ती खळखळणाऱ्या मडक्याला लाडू कशी म्हणेल?  गावासमोर ज्या एका मानावर ही बाई जगत होती, तो तिने हसत हसत मातीत टाकला होता.

हत्तीपुढे आता इतकी सुपं झाली होती की हत्ती दिसेना.

तेवढ्यात पाटलिणीची लेक पुढे सरकली. हुशार पोर. "काकू, पुन्हा एकदा हलवा."

मडकं हललं. खळ्ळ, खळ्ळ.

पोरीने डोळे बारीक केले. "हे तर चिंचोक्यांसारखं वाजतंय. चिंचोके!"

"गप बस!" पाटलीणबाई तिच्यावर ओरडली. "खिरापतीला कुणी चिंचोके ठेवतं? लोकांच्या घरी येऊन असं बोलायचं असतं होय?"

मावशीचा चेहरा पडला. ती घाईने म्हणाली, "पोर आहे ती, द्या सोडून, आपण दुसरं काही..."

पण नाव घेतलं गेलं होतं. सगळ्या गोदेच्या आईकडे बघू लागल्या. "नाही" एवढाच एक शब्द, म्हटला की संपलं. तिने हत्तीकडे पाहिलं. सुपांच्या आडून त्याचा एक मोठा कान तेवढा दिसत होता. मग तिने गोदेकडे पाहिलं. इतके दिवस पाण्याचं पातेलं उकळून उकळून तिचा जीव थकला होता.

"हो," ती म्हणाली. "चिंचोकेच आहेत."

तो शब्द तोंडातून गेला आणि तिला वाटलं, छातीवरचा पाटा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. काय हसायचं ते हसा.

पण हसायला सवडच मिळाली नाही. वासमावशीने टाळी वाजवली, "हरलो गं आपण सगळ्या! एवढ्या जाणत्या बाया, आणि एका पोरीने ओळखलं! अशी खिरापत आहे का कुणाच्या डोक्यात आली आजवर? सोड गं फडकं, पहिली मूठ हिची!"

फडकं सुटलं. पाटलिणीच्या लेकीने मूठ भरून घेतली, एक चिंचोका दाढेखाली धरला, आणि कडाम्! तिचे डोळे चमकले. "आई, कसला खरपूस लागतोय!" मग काय विचारता! पोरींनी मडक्याला गराडा घातला. अंगणभर नुसतं कडाम् कुडुम्. एकमेकींचे फुगलेले गाल बघून हसून हसून त्या लोळल्या. "गोदे, तुझी आई भारीच आहे!" आणि गोदा सगळ्यांच्या मध्ये ताठ मानेने बसून होती, हत्तीची मालकीण.

पाटलीणबाईनेही एक चिंचोका तोंडात टाकला. चघळता चघळता तिची नजर सुपांवर गेली. तिथून उघड्या दारातून दिसणाऱ्या रिकाम्या चुलीकडे, तिथून गोदेच्या आईच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे, तिथून मावशीकडे. तिने तोंड उघडलं. मग मिटलं. आणि थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "भाजलेत छान हो, गोदेची आई. आणि उद्या दसरा आहे, घरी एकट्याच आहात दोघी. पानं आमच्याकडेच वाढीन. येणार ना?"

"येणार," गोदेची आई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती जेवणाच्या बोलावण्याला नको म्हणाली नव्हती.

पोरी पांगल्या. बाया गेल्या. सुपं आत ठेवायला मावशी तेवढी मागे राहिली. गोदेच्या आईने तिचे पायच धरले.

"अगं, हे काय! ऊठ, कंबर धरेल माझी उचलताना."

"मावशी, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"धुराला वास नव्हता तेव्हापासून. नुसत्या लाकडाचा धूर आणि भाजीचा धूर मला कळत नाही होय?"

"मग तेव्हाच का नाही बोललात? तुमच्या तर पोटात काही राहत नाही."

"बोलले असते आणि ज्वारी घेऊन आले असते, तर तू घेतली असतीस? कुंपणावरून परत फेकली असतीस. वर म्हणाली असतीस, आज आम्हाला उपाशीच राहायचं होतं." मावशीने कमरेवर हात ठेवले. "कसंबसं दाबून धरलं गं. जीभ चावून चावून तोंड आलंय. आता तू सांग, पेव लिंपायला विसरलीस ना? कुजल्याचा वास येतोय तिकडून."

"विसरले," गोदेची आई म्हणाली. आणि तिला हसू आलं. रडूही आलं, पण हसू आधी आलं. "मावशी, तुम्हाला मी किती बोलले! आणि तुम्ही आपल्या माहेरची रीत पाळून..."

"कसली रीत?"

"दंडाची. चुकलं की सूपभर जिन्नस द्यायचे ती."

वासमावशीने इकडे तिकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि हळूच म्हणाली, "बाई गं, माझ्या माहेरी भोंडलाच होत नाही."

दोघी पोट धरधरून हसल्या.

दसरा झाला, नदी उतरली, गाडीवान बैल हाकत सुखरूप घरी आला. नवं पीक आलं, पेव भरलं आणि या खेपेला वेळेवर लिंपलं. पण ती रीत काही गावातून गेली नाही. पुढच्या वर्षी कुंभाराची भट्टी फुटली, वर्षाची मडकी गेली. त्याच्या घरच्या भोंडल्यात सगळ्यांच्या आधी उठून सपशेल चुकली ती गोदेची आई. तिच्यामागून पाटलीणबाई चुकली, आणि तिने तर मडकं हुंगायचीही तसदी घेतली नाही. आपल्या लेकींना त्या गावच्या बाया खिरापत ओळखायला शिकवतात, आणि लेकी जाणत्या झाल्या की कुठे ओळखायची नाही तेही शिकवतात. सुना आल्या, नाती आल्या, कुणाच्या तरी माहेरची फार जुनी रीत म्हणून ती सगळ्यांनी जपली. आणि त्यानंतर त्या गावात शरदाच्या दिवसांत कुणाच्या चुलीवर नुसतं पाणी उकळलं नाही.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या घरचं उणं कळलं तर ते बोलून दाखवू नये, भरून काढावं, मग त्यासाठी चारचौघांत चुकावं लागलं तरी चालेल.